पाण्यामागून चालणारे मुकादम

माझा धंदा फ्लेक्सचा. मंगळवार पेठेत दुकान आहे. कुणाचा वाढदिवस असो, कुणाची निवड असो, नाहीतर कुणाच्या म्हशीनं शर्यत मारलेली असो, फोटो मोठा छापायचा आणि नाव त्याहून मोठं छापायचं, हे माझं काम. हार घातलेल्या म्हशीचाही फोटो छापलाय मी. असल्या माणसाची गाठ अशा एका माणसाशी पडली, की ज्यानं उभ्या जन्मात आपलं नाव कुठं लिहू दिलं नाही. आमचं जमलं म्हणावं, तर मधले दोन महिने ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. चूक माझी होती. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागनं तोंड लपवायला नको.

त्यांना सगळे मुकादम म्हणत. बांधकाम खात्यात रस्त्यावरचा मजूर म्हणून लागले आणि मुकादम होऊन निवृत्त झाले. घर कोडोलीत. आता गुडघ्यांनी संप केलाय म्हणून डोंगर चढत नाहीत. दारात खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला, तुमच्या परड्यात पाणी कुठं तुंबतंय, ते न विचारता सांगतात. आम्हाला भेटले तेव्हा मात्र पासष्टी ओलांडलेला हा माणूस खांद्यावर खोरं टाकून डोंगर असा चढायचा, की आम्हीच मागं राहून 'जरा फोटो काढतोय' म्हणत धापा टाकायचो.

आम्ही म्हणजे रविवारी डोंगरात भटकणारी पाच-सहा माणसं. पन्हाळ्याच्या पलीकडं जंगलखात्याच्या हद्दीत एक पायवाट आहे. पायथ्याच्या गावातून निघते आणि वर पठारावरच्या धनगरवाड्यात जाते. जुनी वाट, पण दर पावसाळ्यात वाहून जायची. एके वर्षी आम्ही ठरवलं, नुसतं चालण्यापेक्षा रविवारी ती दुरुस्त करू या. जंगलखात्याच्या माणसाला जाऊन भेटलो. तो म्हणाला, "करा की. दगडमाती नीट करा, कचरा उचला. झाडाला हात लावायचा न्हाय आनि वाट रुंद करायची न्हाय. येवढं पाळा."

पहिले चार रविवार आम्ही घाम गाळला. पाचव्याला पाऊस आला आणि सगळं धुऊन घेऊन गेला. मी तर डोक्याला हातच लावला. तेव्हा शौकतभाई म्हणाले, "एक माणूस हाय माझ्या ओळखीचा. रस्त्याचं सगळं कळतंय त्याला. पर जरा वायला हाय. तुमचं तुम्ही बघा." शौकतभाई आमच्याच गल्लीत मोटारसायकलच्या सीटा शिवतात. कुणाला वायला, म्हणजे जगावेगळा, म्हणायचा अधिकार त्यांना कितपत आहे कुणास ठाऊक, कारण हे स्वतः जंगलात शिट्टी वाजवून पक्ष्यांशी भांडतात. पण माणूस त्यांनी आणला.

मुकादम आले ते एका हातात तांब्या घेऊन. आम्हाला वाटलं, बिचाऱ्यांचं पोट बिघडलंय. आम्ही आदरानं तोंड फिरवून उभे राहिलो. ते ओढ्यावर गेले, तांब्या भरला, वाटेच्या वरच्या टोकाला आले आणि पाणी हळूहळू मातीत ओतलं. मग त्या ओघळामागून वाकून चालायला लागले. मी काहीतरी विचारायला गेलो तर मागं न बघता म्हणाले, "गप ऱ्हावा पावणं. ते सांगाय लागलंय न्हवं, ऐकू द्या."

झालं! पाच शिकलेली माणसं एका तांब्याभर पाण्यामागून रांगेनं, मुक्यानं चालली. पाणी जिथं वळलं तिथं त्यांनी टाचेनं रेघ मारली. जिथं थांबलं तिथं खडा ठेवला. संपलं की पुन्हा तांब्या. दुपारपर्यंत आमच्या एकाही कुदळीला त्यांनी मातीला शिवू दिलं नाही. शेवटी म्हणाले, "पान्याला वाट द्या. मानूस आपली आपन हुडकतो."

हे त्यांचं सगळं शास्त्र. वाटेला दरीच्या बाजूला बोटभर उतार द्यायचा. वरच्या अंगाला चर काढायचा. आणि ठरावीक अंतरावर वाटेत तिरका दगड पुरायचा, म्हणजे वरून पळत आलेलं पाणी त्याला थडकून बाहेर पडतं. "पानी लई आळशी असतंय," ते सांगायचे. "सोपं दिसलं की तिकडं पळतंय. तुमच्यागतच." हे 'तुमच्यागत' माझ्याकडं बघून. माझ्या पोटाकडं बघून म्हटलं तरी चालेल.

दगडाच्या बाबतीत तर फारच सोवळं. दगडाला पोट असतंय आणि पाठ असतीया, हे मला पन्नाशीत कळलं. शेवाळ धरलेली, उन्हापावसानं काळवंडलेली ती पाठ. मातीत दबलेलं, पिवळट ते पोट. दगड बसवताना पाठ वर पाहिजे आणि तिसरा हिस्सा जमिनीत. एकदा मी पोट वर करून एक दगड बसवला. चांगला दोन माणसांनी उचलून आणलेला. मुकादमांनी तो बघितला आणि म्हणाले, "त्याला उताना का पाडलाय? मेलाय का त्यो?" दगड पुन्हा उपटायला लावला.

ऐन जुलैत, धो धो पावसात, आम्ही घरात कांदाभजी खात असायचो तेव्हा हे प्लास्टिकची खोळ पांघरून एकटे डोंगरात जायचे. मी एकदा चिडून विचारलं, "अहो, निमोनिया व्हायचाय का? उघडल्यावर जा की!" तर म्हणाले, "पाऊस पडताना वाट बघायची असती. ऊन पडल्यावर काय वो, समद्याच वाटा शान्यासुरत्या दिसत्यात."

हा नाद गावातही सुटायचा नाही. माझ्या पुतणीच्या लग्नाला आलते. हातकणंगल्याला मंडप होता. पंगत बसली आणि वळवाची एक सर आली. मंडपाच्या कडेला पाणी साचायला लागलं. सगळे पाहुणे पाय वर घेऊन जिलेबी खातायत आणि मुकादम उठले, वाढप्याच्या हातातला झारा घेतला आणि फेटा सावरत मंडपाच्या बाहेर चर काढायला बसले. आमचे व्याही आधीच तापट. ते ओरडले, "कोण हाय हे? झारा कुठं घिऊन चाललाय?" मुकादम शांतपणे म्हणाले, "झारा धुतला की साफ हुतोय पावणं. नवरीचा शालू कसा धुणार?" पाच मिनिटांत पाणी निघून गेलं. व्याह्यांनी नंतर त्यांना आग्रह करकरून जिलेबी वाढली, दुसऱ्या झाऱ्यानं.

तर, असं तीन वर्षं चाललं. वाट इतकी छान झाली की पावसाळा आला आणि गेला तरी जागची हलली नाही. सगळ्यात जास्त सुख झालं ते सोनाबाई मावशींना. या धनगरवाड्यातल्या. घरात दोन म्हशी. रोज पहाटे दुधाची किटली डोक्यावर घेऊन याच वाटेनं खाली गावातल्या डेअरीत यायच्या. पूर्वी घसरून दोनदा हात मोडून घेतला होता. आता किटलीला हात न लावता उतरायच्या. आम्ही काम करताना दिसलो की म्हणायच्या, "करा बाबांनो करा. शेरात कामं न्हाईत वाटतं तुमास्नी."

मला एकच खंत होती. एवढं काम केलं, आणि एक बोर्ड नाही. मी किती वेळा म्हटलं, पायथ्याला छोटासा फलक लावू, आपली नावं टाकू, फुकट छापतो. मुकादम म्हणायचे, "वाटंवर नाव कशाला? हरवलीया का ती?" कपाळ माझं!

मग एका एप्रिलमध्ये मुकादमांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही असं बजावलं. आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. म्हटलं, नव्या डोळ्यांनी मुकादम येतील तेव्हा त्यांना वाट अशी दाखवू की बघतच राहिले पाहिजेत. ओळखीच्या तरुण मंडळाची तीस-चाळीस पोरं गोळा केली. शौकतभाई म्हणाले, "विचारा तरी त्यांना." मी म्हटलं, "सरप्राईज विचारून देतात व्हय?"

मधलं जे मोठं वळण आहे, तिथं दोन रविवार आम्ही धुमाकूळ घातला. वाट रुंद केली, चांगली दोन माणसं गळ्यात गळा घालून चालतील एवढी. मुकादमांचे तिरके दगड पायात यायचे, ते उपटून दरीत लोटले. चर मुरूम टाकून बुजवला. सगळं कसं गुळगुळीत, सपाट, हॉटेलच्या अंगणागत. जंगलखात्याच्या माणसानं घातलेली अट मला आठवत नव्हती असं नाही. 'एवढंसं कोण बघतंय' असं मनात म्हणालो होतो, हे खरं. आणि पायथ्याला कमान लावली. त्यावर आमचे सगळ्यांचे फोटो, मधोमध मुकादम, ऑपरेशननंतरच्या काळ्या चष्म्यात. खाली ठसठशीत अक्षरात 'वाटांचे बादशहा'. फोटो कोडोलीला जाऊन त्यांच्या सुनेकडून गुपचूप आणला होता. इतका खूश होतो मी, की विचारू नका.

आठ दिवसांत मोटारसायकली यायला लागल्या. पोरं वळणापर्यंत गाड्या चढवायची, धुरळा उडवत रील काढायची. एका सकाळी वळणावर समोरून गाडी अंगावर आली, सोनाबाई मावशींनी कडेला उडी मारली आणि किटली दरीत गेली. त्यातच मे महिन्यात वळीव कोसळला. तिरके दगड नाहीत, चर नाही. पाणी आमच्या गुळगुळीत रस्त्यावरून मधोमध धावलं आणि गुडघाभर घळ पाडून गेलं.

मग रेंजरसाहेब आले. नवीनच बदलून आलेले. त्यांनी घळ बघितली, टायरच्या खुणा बघितल्या, कमान बघितली. कमानीवर माझा फोटो आणि दुकानाचा नंबर असल्यामुळं मला शोधायला त्यांना फार कष्ट पडले नाहीत. "जंगलात रस्ता कुणाला विचारून केला?" म्हणाले. मी हात जोडले. ते म्हणाले, "गुन्हा दाखल करत नाही, कारण आधीचं काम चांगलं होतं असं गार्ड सांगतो. पण जुलैअखेर मी परत येणार. वाट होती तशी दिसली पाहिजे आणि एक गाडी वर येता कामा नये. नाहीतर खाली चर खणून तारेचं कुंपण घालतो. मग कुणीच जायचं नाही."

हे ऐकायला सोनाबाई मावशीही उभ्या होत्या. सडकेनं फिरून यायचं तर दोन तास जास्त. उन्हाळ्यात तेवढ्यात दूध नासतं आणि नासलेलं दूध डेअरी घेत नाही. साहेब गेल्यावर मावशींनी मला विचारलं, "मग माज्या म्हशी इकू का आता?" रागानं नाही हो, साधंच विचारलं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शौकतभाई मुकादमांना घेऊन आले. काळा चष्मा, डोक्याला टॉवेल. वळणावर येऊन उभे राहिले. मला वाटलं होतं, आता आईबहीण निघणार. मी तयारीच करून आलो होतो. ते मात्र दरीत लोटलेल्या दगडांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "शौकतभाई, फ्लेक्सवाल्यास्नी सांगा, आदी ती कमान काडा." मी हातभर अंतरावर उभा होतो.

तेव्हापासून जे सुरू झालं ते दोन महिने. मला काही सांगायचं असलं की मधे शौकतभाई. "शौकतभाई, त्यास्नी सांगा, पहार नीट धरा." शौकतभाई माझ्याकडं वळून, "मुकादम म्हणत्यात..." मी ओरडायचो, "ऐकू आलंय मला, बहिरा नाही मी!" पोरं फिदीफिदी हसायची. मलाही हसू यायचं, पण खरं सांगतो, लागायचंही फार. बापानं अबोला धरावा तसं वाटायचं. एकदा न राहवून म्हटलं, "मुकादम, दोन शिव्या घाला की! मोकळं तरी व्हा!" ते शौकतभाईंना म्हणाले, "त्यास्नी सांगा, शिव्या संपल्या. दगडं हाइत अजून."

दगड होतेच. तीस-चाळीस पोरांपैकी, कमान उतरल्यावर, तीन उरली. दरीतून एकेक दगड दोरानं वर ओढायचा. मुकादमांना वाकायची बंदी, म्हणून ते कडेला बसून काठीनं जागा दाखवायचे. बसवला की, "पाठ वर हाय का?" घळ दगडांनी भरली, वर माती, मातीवर पठारावरून आणलेले गवताचे गड्डे. वाटेची रुंदी पुन्हा एका माणसापुरती. उरलेल्या जागेत करवंदीची रोपं आणि पालापाचोळा.

खरा प्रश्न होता गाड्यांचा. मुकादमांनी वळणावर आणि त्याच्या खाली उभे दगड पायरीसारखे लावायचं ठरवलं. "म्हैस पाय उचलती," म्हणाले, "गाडी काय उचलती?" पण पायरी फार उंच झाली तर डोक्यावर किटली घेतलेली बाई कशी उतरणार? म्हणून त्यांनी सोनाबाई मावशींना बोलावलं. किटलीत काठोकाठ पाणी भरलं, झाकण काढलं आणि म्हणाले, "उतरा बाई, रोजच्यागत." जिथं पाणी हिंदकळून मावशींच्या खांद्यावर सांडलं, तिथला दगड काढून बोटभर खाली बसवायचा. पुन्हा उतरा. पुन्हा सांडलं. सात-आठ खेपा झाल्या. मावशी चिंब. "आरं, माजी आंगूळ घालाय लागलाय का वाट कराय लागलाय?" म्हणून त्यांनी असं झापलं की मुकादमही हसले. शेवटच्या खेपेला थेंब सांडला नाही.

मग शौकतभाईंना सांगितलं, तुमची गाडी आणा. शौकतभाईंना गाडीचा मोठा गर्व. "माझी गाडी कुठंबी चढती," म्हणत रेस दिली. पहिला दगड चढले. दुसऱ्याला गाडीचं पोट खडखडलं आणि गाडी मधोमध अडकली, पुढं जाईना, मागं येईना. चौघांनी उचलून काढली. शौकतभाई तासभर कुणाशी बोलले नाहीत, त्यामुळं त्या तासात मुकादमांना मला काहीच सांगता आलं नाही.

जून लागला, पाऊस धरला. गवतानं मूळ धरलं. मुकादम खोळ पांघरून रोज जायचे, असं मावशींनी सांगितलं. डॉक्टरांचा महिना तोवर संपला होता, हीच माझी समजूत.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एका भल्या सकाळी साहेब आले. जीप गावातच ठेवावी लागली. बरोबर गार्ड. भुरभुर पाऊस, सगळीकडं धुकं. आम्ही मागोमाग. बराच वेळ चढून गेल्यावर साहेब थांबले आणि म्हणाले, "तुम्ही रुंद केलेली जागा कुठं आहे? ती दाखवा आधी."

मी म्हटलं, "वर आहे साहेब, मोठ्या वळणावर." गार्ड म्हणाला, "मोठं वळण मागं पडलं की."

मी मागं फिरलो. चाळीस पोरांना घेऊन दोन रविवार जिथं राबलो ती जागा, तिचे शंभर फोटो माझ्या मोबाईलमध्ये. एक फोटो काढला, समोर धरला. हे झाड ते असेल का? हा दगड? सगळीकडं गुडघाभर गवत, शेवाळलेले दगड, मधून एका माणसाची वाट. वर गेलो, खाली आलो. पुन्हा वर गेलो. घाम फुटला मला पावसात. साहेबांचा आवाज चढला, "दाखवता का नाही? तुम्हीच केलं होतं ना?"

"मीच केलं हो साहेब," मी म्हटलं. "आईशप्पथ मीच केलं. पण सापडंना झालंय."

तेवढ्यात धुक्यातून सोनाबाई मावशी आल्या, डोक्यावर किटली. साहेबांनी त्यांना विचारलं, "बाई, हितं रस्ता केला होता तो कुठं हाय?"

"कसला रस्ता?" मावशी न थांबता म्हणाल्या. "वाट हाय की. आनि सरा जरा बाजूला, दूध जायाचं हाय."

साहेब सरले. मावशी दगडांवरून उतरत गेल्या, दोन्ही हात मोकळे, एक हात तर पदर खोचण्यात गुंतलेला. साहेब त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिले. मग गार्डला म्हणाले, "कुंपण राहू दे." आणि पठार बघायला वर निघून गेले. शौकतभाईंनी एवढ्या जोरात शिट्टी मारली की पक्षी उडाले.

मी तिथंच उभा होतो, मोबाईल हातात घेऊन. माझे डोळे भरून आले होते, पावसामुळं कुणाला कळलं नाही, हे बरं झालं. मुकादम कडेच्या दगडावर बसून माझ्याकडंच बघत होते. शौकतभाई चार पावलं लांब होते. मुकादमांनी त्यांना हाक मारली नाही.

"अवो फ्लेक्सवालं," ते मला म्हणाले, "तुमच्या पायाखालीच हाय की."

मी खाली बघितलं. नुसती वाट होती.